इजा, बिजा आणि परत आलेलं रक्त

राजारामपुरीतल्या एका वाचकानं विचारलंय. काकांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर म्हणाले ब्लॉक उघडून रक्त परत सुरू होतं ना, तेव्हासुद्धा हृदयाच्या स्नायूला थोडी इजा होते, तिला रिपरफ्युजन इंज्युरी म्हणतात. तर मराठीत 'पुनर्भिसरण इजा' म्हटलेलं चालेल का? आणि जाता जाता, 'इजा' हा इंज्युरीचाच अपभ्रंश ना?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत. पुनर् अधिक अभिसरण म्हंजे पुनरभिसरण, मधला 'अ' कुणी खाल्ला? गणपती पोचवताना 'पुनरागमनाय च' म्हणता, तिथं 'पुनर्गमनाय' केलं तर भटजी थांबवतील की नाही? झालं. (अभिसरण आणि अभिसारिका एकाच घरच्या, पण तिकडं आत्ता वळलो तर आज जेवायला मिळायचं नाही.)

आता ते 'जाता जाता'. हे गेली कित्येक वर्षं ऐकतोय. इजा म्हंजे इंज्युरी, साहेबाकडनं आलेला शब्द, आपल्या लोकांना नीट म्हणता आला नाही म्हणून मोडला. नाही ओ! साहेबाचा काडीचा संबंध नाही. इजा मूळची अरबी, 'ईज़ा', फारसीच्या दारानं आपल्याकडं आली, आणि मुळात तिचा अर्थ 'त्रास देणं' असा आहे, म्हंजे जखम नव्हे तर जखम करण्याची क्रिया. तिकडं इंज्युरी लॅटिन 'इन्युरिया'तली, न अधिक कायदा, म्हंजे चक्क अन्याय, ती ज्युरी आणि ज्युरिस्ट यांच्या भावकीतली बाई. दोन शब्द सारखे ऐकू आले की लगेच नातं जोडायचं, हा आपल्याकडचा जुना रोग.

पण खरी गंमत पुढंच आहे. आपल्याकडं अजून एक इजा आहे, 'इजा, बिजा, तिजा'मधली. एक गाडी घसरली, आठवड्यात दुसरी घसरली, की आजी म्हणणारच, इजा झाली बिजा झाली, आता तिजा व्हायची राहिलीय, जपून ऱ्हावा. ही इजा अरबी नाही. बिजा म्हंजे दुसरी, द्वितीयचं प्राकृतात 'बिइज्ज' झालं त्यातनं, आणि तिजा तृतीयच्या 'तइज्ज'मधनं. काही विद्वान छातीठोक सांगतात की ही मोजणी गुजराती व्यापाऱ्यांकडनं उचलली, कारण ते बीजो-त्रीजो म्हणतात. मग भाऊबीज काय गुजरातहून पार्सल आली का? तुकाराम बीज? ती बीज म्हंजे द्वितीयाच ना! 'दुजा' पण त्याच द्वितीयचं पोर, एकाला बि- लागला, एकाला दु-, एवढाच फरक. घरात शब्द असताना शेजाऱ्याकडं उसनवारी दाखवायची हौस का, ते मला आजवर कळलेलं नाही.

राहिली पहिली इजा. 'एक'मधनं ती सरळ निघत नाही, कितीही ओढाताण करा. माझं मत असं (आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही) की बिजा-तिजाला यमक म्हणून ती बसवली आणि बसवताना अरबी इजा आधीच तोंडात होती. बघा की, इजा-बिजा-तिजा आपण बहुतेक वाईटालाच म्हणतो, पोराला तीन बक्षिसं मिळाली तर कोण म्हणतंय?

आणि म्हणूनच म्हणतो, डॉक्टर लोकांना हवा तो शब्द आजीकडं तयार आहे. रक्त थांबलं, पेशीला प्राणवायू नाही, इंधन संपलं, आत आम्ल साठलं, ही इजा. मग रक्त परत आलं, प्राणवायू एकदम घुसला, त्यातनं पेशीचीच मोडतोड करणारे रेणू तयार झाले, कॅल्शियम हद्दीबाहेर वाढलं, पांढऱ्या पेशी धावून आल्या आणि बारक्या वाहिन्या तुंबल्या, ही बिजा. वाळून भेगाळलेल्या उसाच्या रानात पाटाचं पाणी एकदम सोडल्यावर दारं धरणाऱ्याची काय धांदल होते ते आमच्याकडं कुणालाही विचारा. १९६० साली अमेरिकेतले संशोधक जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर ही बिजा दाखवली. म्हणून काकांचा ब्लॉक उघडायलाच नको होता असं कुणी काढू नका, न उघडता ठेवला तर स्नायूच मरतो. आणि मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात तेच हे, असं एकानं मला ठासून सांगितलं, तर ते पण नाही, मुंग्या हा मुख्यतः दबलेल्या नसेचा मामला.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त सरांना यातलं काहीच पटलेलं नाही. ते म्हणतात 'पुनःसिंचन हानी' म्हणा. सिंचन एकवेळ मान्य, कारण परफ्युजन म्हंजे रक्त नुसतं फिरणं नव्हे, ते मांसात झिरपलं पाहिजे. पण हानी? हानी पिकाची होते, सरकारी मालमत्तेची होते, माणसाला इजाच होते. तर सर म्हणाले, अरे पेशंटला बिजा म्हणालास तर तो घाबरून विचारेल, तिजा कधी?

म्हटलं सर, तिजा पण असतीय की. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेली माणसं जिवंत बाहेर काढली, बरी वाटत होती, आणि काही दिवसांत किडनी बंद पडून गेली. बायवॉटर्स आणि बील या तिकडच्या डॉक्टरांनी १९४१ साली ते लिहून ठेवलंय. दबलेल्या स्नायूत रक्त परत फिरलं आणि तिथला सगळा कचरा घेऊन किडनीत गेलं. म्हंजे दुखणं पायाचं आणि मार भलत्यालाच. पायाची तुंबलेली धमनी मोकळी केल्यावर डॉक्टर लघवीचा रंग बघतात तो उगंच नाही.