एसक्यूलाइटमध्ये सारखं 'डेटाबेस इज लॉक्ड' येतंय, सर्व्हरवाला डेटाबेस घ्यावा का?

घेऊ नका. निदान मूळ दुखणं सापडेपर्यंत तरी घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की किराणा होलसेलचं बिलिंग आहे, दोन काउंटर आहेत आणि एसक्यूलाइटची फाइल एका पीसीच्या शेअर फोल्डरमध्ये आहे. (एसक्यूलाइट म्हणजे वेगळ्या सर्व्हरशिवाय, प्रोग्रामच्या आतच चालणारी डेटाबेसची लायब्ररी; सगळा डेटा एका फाइलमध्ये.) गर्दी झाली की 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं. मग तुम्ही प्रोग्राम बंद करता, शेजारी पडलेली जर्नल फाइल डिलीट करता, परत चालू करता, काम सुरू होतं. आणि आता 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' आलंय, म्हणजे फाइलच बिघडलीय. वर कुणीतरी सांगितलंय की एसक्यूलाइट शिकण्यापुरतं असतं, धंद्याला सर्व्हरच लागतो.

जर्नल डिलीट करता हे वाचलं आणि राहवलं नाही. ते आजपासून बंद. सगळे प्रोग्राम बंद करा आणि फोल्डरमधली प्रत्येक फाइल, जर्नल असेल तर तीसुद्धा, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पुढचं सगळं त्या कॉपीवर.

काम परत सुरू होतं ते जर्नल उडवल्यामुळे नाही, प्रोग्राम बंद केल्यामुळे. लॉक (फाइल वाचायचा किंवा लिहायचा ताबा) प्रोसेसकडे, म्हणजे चालू प्रोग्रामकडे असतो, प्रोसेस मेली की लॉक सुटला. जर्नलमध्ये काय असतं? फाइलचं एखादं पान (ठरावीक आकाराचा तुकडा) बदलायच्या आधी एसक्यूलाइट त्या पानाची जुनी प्रत जर्नलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाइट गेली किंवा तुम्ही प्रोग्राम मारला, तर पुढच्या वेळी फाइल उघडणारा ती जर्नल बघतो आणि जुनी पानं जागेवर ठेवून देतो. विंडोजवर लिहिणारा प्रोग्राम जिवंत असेल तर ती फाइल तुम्हाला डिलीटच करता येत नाही. डिलीट झाली म्हणजे लिहिणारा अर्ध्यावर गेलेला होता. म्हणजे ज्या वेळी तिची खरी गरज, नेमकं त्याच वेळी तुम्ही ती फेकताय. अर्धी नवी, अर्धी जुनी पानं घेऊन फाइल पुढे चालते आणि कधीतरी मालफॉर्म्ड म्हणते. त्यात लायब्ररीचा काडीचा दोष नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण हाच खेळ सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात झाला आणि त्यावरून मी एका माणसाशी बरेच दिवस भांडलोय.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कारखाना. सूत गोडाऊनला वजनकाटा, ऑफिसात बिलिंग, मागच्या शेडमध्ये पॅकिंग. बिलिंग आणि सुताचा हिशोब माझा, एकाच पीसीवर, एसक्यूलाइटवर, वर्षानुवर्षं विनातक्रार चालू होता. मग मालकांनी पॅकिंगचा स्क्रीन दुसऱ्याकडून करून घेतला. ते सल्लागार पुण्याहून यायचे, गळ्यात कार्ड, मोठ्या कंपन्यांची कामं केलेली. त्यांनी फाइल शेअरवर टाकली आणि पॅकिंगचा पीसी जोडला. तिथून पुढे दिवाळीच्या आधीच्या सीझनला ऑफिसात बिल सेव्ह होईना. लॉक्ड. सल्लागारांचं निदान तयारच होतं: "लोड झेपत नाही, हे खेळणं आहे, सर्व्हर घ्या." आणि तोवर तात्पुरता इलाज म्हणून डेस्कटॉपवर 'अनलॉक' नावाची एक बॅच फाइल ठेवली. दोन्ही प्रोग्राम मारायचे, जर्नल उडवायची. ऑफिसातला पोरगा दिवसभर त्यावर डबल क्लिक करायचा.

मालकांनी मला फोन केला तेव्हा शब्द असे होते, "ओ सर, तुमचं ते सॉफ्टवेअर सीझनमध्येच कसं काय बसतंय?" मला ते लागलं. पण प्रश्न बरोबर होता. सीझनमध्येच का? लोड म्हणाल तर दिवसाला काही शे नोंदी. काही शे नोंदी एसक्यूलाइट एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम पक्कं होणाऱ्या गठ्ठ्यात) डोळ्याचं पातं लवायच्या आत लिहितं. लोड हे उत्तर असूच शकत नव्हतं.

मी ऑफिसात बसलोच नाही, पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन बसलो. तिथे एक अक्का बंडलं मोजायच्या, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्या बंडल काट्यावर ठेवायच्या, डझन आणि वजन टाकायच्या, आणि मध्ये मध्ये दिवसभराची यादी उघडून वहीशी ताडून बघायच्या. यादी उघडी ठेवूनच पुढचं बंडल बांधायला उठायच्या. मी ऑफिसातल्या पोराला फोन चालू ठेवायला सांगितला. यादी उघडी असताना तो सेव्ह करायचा: लॉक्ड. यादी बंद केली: सेव्ह झालं. परत उघडली: लॉक्ड. मग अक्कांना शेवटचं बंडल बघायचं होतं म्हणून त्यांनी यादी पार खालपर्यंत सरकवली, खिडकी उघडीच होती, आणि फोनवर पोरगा म्हणाला, "झालं की ओ सेव्ह."

तिथे सगळं कळलं. त्या स्क्रीनमधला तक्ता पहिल्या पन्नास ओळी आणायचा आणि बाकीच्या जसजसं खाली सरकवाल तसतशा. म्हणजे सिलेक्टचं स्टेटमेंट (ओळी वाचून आणणारी क्वेरी) अर्ध्यावर उघडंच राहायचं. शेवटची ओळ येईपर्यंत किंवा स्टेटमेंट रिसेट होईपर्यंत त्याचा शेअर्ड लॉक (वाचणाऱ्याचा लॉक) सुटत नाही. मंदीत दिवसाची बंडलं पन्नासच्या आत, यादी एका दमात संपायची, लॉक सुटायचा. सीझनला यादी लांबली की लॉक तसाच. बिल लिहिणाऱ्याला रिझर्व्हड लॉक (पुढचा लिहिणारा मी, एवढंच) मिळायचा, पण कमिटच्या वेळी, म्हणजे बदल पक्के करताना, एक्सक्लुझिव्ह (एकट्याचा) हवा, आणि एक जरी वाचणारा आत असेल तर तो मिळत नाही. तो पेंडिंगवर थांबतो, आणि पेंडिंग लागला की नव्या वाचणाऱ्यांनाही दार बंद. मंदिरातले शेवटचे भाविक बाहेर पडेपर्यंत पुजारी गाभारा धुवायला घेत नाही आणि नवी माणसंही आत सोडत नाही, तसंच हे. एक अक्का यादी उघडी ठेवून बंडल बांधायला गेल्या की अख्खा कारखाना ठप्प.

लोड नव्हता, यादीची लांबी होती. आणि त्यावर सर्व्हरची कोटेशनं आली होती!

तुमच्याकडे बहुतेक असंच काहीतरी आहे. भाषा कोणती ते लिहिलं नाहीत, पण प्रत्येक ठिकाणी बघा की क्वेरी उघडून कोण माणसाची वाट बघतंय. ट्रान्झॅक्शन उघडं आणि समोर गिऱ्हाईक पिशवी शोधतंय, हे कधीच होता कामा नये. ओळी मेमरीत ओढा, स्टेटमेंट फायनलाइज करा, मग दाखवा.

दुसरी गोष्ट, बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक दिसला तर किती वेळ थांबायचं ते. सी लायब्ररीत तो मुळात शून्य असतो, म्हणजे लॉक दिसला की क्षणभरही न थांबता एरर. पायथनचं मोड्यूल स्वतःहून पाच सेकंद थांबतं, म्हणून तिथल्या लोकांना हे उशिरा कळतं. पाच हजार मिलिसेकंद ठेवा, प्रत्येक कनेक्शनवर, कारण ते फाइलमध्ये साठवलं जात नाही. फॉरेन कीचंही (बिलातली पार्टी पार्टीच्या टेबलात असलीच पाहिजे, असला नियम) तेच: मुळात बंद, दर कनेक्शनला चालू करावी लागते. मी असली बरीच सॉफ्टवेअर बघितलीत जिथे पार्टी डिलीट झाली आणि बिलं अनाथ पडली, आणि करणारा शपथेवर सांगतो की फॉरेन की लावली होती.

तिसरं, लिहायचंच असेल तर 'बिगिन इमिजिएट'ने सुरू करा. नुसतं 'बिगिन' म्हणालात तर आधी वाचक म्हणून आत जाता आणि मग लेखक व्हायला बघता. मधल्या वेळात दुसऱ्याने लिहिलं असेल तर वाल मोडमध्ये (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) टाइमआउट कितीही ठेवा, लगेच बिझी मिळतो, कारण तुम्ही वाचलेलं चित्र जुनं झालेलं असतं. थांबून उपयोगच नाही, रोलबॅक करून, म्हणजे सगळं मागे घेऊन, पहिल्यापासून यावं लागतं.

वाल मोड 2010 साली 3.7.0 मध्ये आला आणि त्यात वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत. म्हणून सगळे सांगतात, वाल लावा. बरोबर आहे, पण तुमची फाइल शेअरवर आहे. वालला सगळ्या प्रोसेसमध्ये सामायिक मेमरी लागते, ती दोन वेगळ्या मशीनमध्ये नसते. नेटवर्क फोल्डरवर वाल चालत नाही, हे एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि साध्या, जर्नलवाल्या मोडमध्येसुद्धा नेटवर्कवरचे लॉक भरवशाचे नसतात. कारखान्यात मी एवढंच केलं: ऑफिसच्या पीसीवर एक छोटा प्रोग्राम, फाइल फक्त तोच उघडणार. पॅकिंगचा स्क्रीन त्याला एचटीटीपीवर नोंद पाठवतो, तो लिहितो आणि 'झालं' म्हणतो. वाल चालू. शेअर फोल्डर काढून टाकला. लॉक्ड हा शब्द तिथे पुन्हा कुणी उच्चारला नाही.

फाइल दुरुस्त करायला मात्र वेळ गेला. इंटिग्रिटी चेकने (फाइल धड आहे का ते तपासणारी कमांड) दोन प्रकारचं सांगितलं. काही ओळी इंडेक्समध्ये (पटकन शोधायच्या सूचीत) नव्हत्या; तेवढंच असतं तर रीइंडेक्सने, म्हणजे ती सूची नव्याने बांधून भागलं असतं. पण काही पानंच फाटलेली होती. त्यासाठी कमांड लाइन शेलमधली डॉट रिकव्हर वापरली, तिने जे वाचता येतं ते उचलून एसक्यूएल म्हणून बाहेर काढलं, त्यावरून नवी फाइल केली. मग अक्कांची वही आणि नवी यादी समोरासमोर. ज्या बंडलांचं वजन यादीत नव्हतं ते वहीत होतं. त्यांचं अक्षर आणि त्यांची शिस्त, त्यावर तो हिशोब जुळला. रिकव्हरचा निकाल देववाणी समजू नका, कागदाशी ताडा.

आता ते 'खेळणं' म्हणणाऱ्यांसाठी. एसक्यूलाइट 2000 साली रिचर्ड हिप यांनी लिहिलं, ते अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका सॉफ्टवेअरच्या कामातून. तिथे मागे सर्व्हरवाला डेटाबेस होता, तो बंद पडला की त्यांच्या प्रोग्रामला काहीच करता यायचं नाही आणि स्क्रीनवर एरर यायची, शिव्या मात्र प्रोग्रामला. म्हणून त्यांना असा डेटाबेस हवा होता ज्याच्यामागे वेगळा सर्व्हरच नाही. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आयफोनमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे. त्याची टेस्टिंगची पद्धत विमानाच्या सॉफ्टवेअरच्या कसोटीवरून घेतलेली आहे, आणि करणाऱ्यांनी 2050 पर्यंत सांभाळायचं जाहीर केलंय. याला खेळणं म्हणायला मोठी छाती लागते.

एमआयडीसीत लाइट जाते. आली की पीसी चालू होतो, आमचा प्रोग्राम उघडतो, जर्नल किंवा वाल बघून फाइल स्वतःला नीट करते, बिल निघतं. सर्व्हरची सर्व्हिस उठली नाही तर कोण उठवणार? त्याचा पासवर्ड कोणाकडे? सल्लागार पुण्याला, मालक गोडाऊनमध्ये, पोरगा बारावी. मी हे सल्लागारांना तोंडावर विचारलं होतं, त्यांनी वार्षिक मेंटेनन्सचा आकडा सांगितला. माझं आजही म्हणणं आहे की लॉक कोणाकडे आहे हे न शोधता डेटाबेस बदलायला सांगणारा माणूस निदान करत नाही, माल विकतो. स्टेटमेंट उघडं ठेवायची सवय घेऊन तुम्ही कुठल्याही सर्व्हरवर जा, ट्रान्झॅक्शन लोंबकळत ठेवल्याची किंमत तिथेही भराल, फक्त एररचं नाव वेगळं असेल.

हे सगळं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा असतो, ते वालमध्येही बदलत नाही. उद्या चार गावांत दुकानं झाली आणि सगळ्यांनी एकाच हिशोबात थेट लिहायचं ठरलं, युजरनुसार परवानग्या हव्या झाल्या, आणि सांभाळायला पगारी माणूस असेल, तर पोस्टग्रेस (सर्व्हरवाला डेटाबेस) घ्या. दोन काउंटरला त्याची गरज नाही. स्तंभाला इंटिजर म्हटलं तरी एसक्यूलाइट त्यात 'पाच किलो' असा मजकूर मुकाट्याने ठेवून घेतं, हाही त्याचा खरा दोष, 3.37 पासून, म्हणजे 2021 पासून, टेबल स्ट्रिक्ट (चुकीच्या प्रकारचा मजकूर नाकारणारं) करता येतं, ते करा. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. आणि तुमची फाइल फाटलेली असताना हे काही करू नका, आधी रिकव्हर.

बॅकअपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक रात्री फाइल पेन ड्राइव्हवर ओढत असाल. प्रोग्राम चालू असताना नुसती फाइल कॉपी केली तर अर्धवट लिहिलेली पानं येऊ शकतात, आणि वाल मोडमध्ये ताज्या नोंदी शेजारच्या वाल फाइलमध्ये असतात, त्या राहूनच जातात. 'व्हॅक्युम इन्टू' वापरा, चालू प्रोग्राममधूनच सुसंगत प्रत निघते. ती प्रत उघडून तिच्यावर इंटिग्रिटी चेक चालवा आणि मगच जुनी पुसा.