मावळतीच्या आकाशात पट्टे का उमटतात?

प्रश्न : इंटरनेटवरून चित्रपट पाहताना घनदाट जंगलाचे दृश्य स्वच्छ दिसते, परंतु सूर्यास्तानंतरच्या आकाशात रंगांचे पट्टे उमटतात. आकाशात तर तपशील जवळजवळ नसतोच. मग कॉम्प्रेशनची, म्हणजे व्हिडिओ आकसून लहान करण्याची, चूक नेमकी तेथेच का दिसावी?

उत्तर : तपशील नसतो, म्हणूनच तेथे चूक लपवायला जागा मिळत नाही. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा, सेकंदाला २५ फ्रेमचा मूळ व्हिडिओ सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट मागतो. डोळ्याला उजेडातील बारकावे जितके दिसतात तितके रंगातील दिसत नाहीत. त्यामुळे चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते आणि हा आकडा तेवढ्यानेच निम्मा होतो. ही काटकसर सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आकसणारा प्रोग्रॅम, फ्रेमचे लहान चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनातील चढउतार आकड्यांत मांडतो आणि ते आकडे ठरावीक टप्प्यांवर आणून बसवतो. याला क्वांटायझेशन म्हणतात. पानांच्या गर्दीत शेजारच्या दोन पिक्सेलची उजळता ४० आणि १३० असेल, तर पाचाची चूक त्या गोंधळात विरून जाते. आकाशाच्या चौकोनात मात्र उजळता वरून खाली ६० पासून ६२ पर्यंतच चढते. टप्पा मोठा असला की तो फरक पुसला जाऊन सबंध चौकोन ६१ होतो, त्याखालचा ६४, आणि दोन सपाट तुकड्यांमध्ये एक कड तयार होते. अशा कडा डोळा आहेत त्याहून ठळक करून पाहतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच दाखवले होते.

म्हणून एक्स२६४ सारखे एन्कोडर प्रत्येक चौकोनातील चढउतार मोजून सपाट भागाला बारीक टप्पा देतात आणि त्यासाठी लागणारे बिट पानांच्या, गवताच्या वाट्यातून काढतात. पिक्सेलगणिक चुकांची बेरीज यामुळे वाढते, तरीही चित्र अधिक चांगले दिसते. माझ्या मते, निव्वळ त्या बेरजेवर एन्कोडरची पारख करणे चुकीचेच आहे.

तरीही बिट फारच कमी पडले, की पट्टे उरतात. उजळतेच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या देणारा १०-बिट व्हिडिओ येथे उपयोगी पडतो. फिल्मवरील रवाळपणा, म्हणजे बारीक ठिपक्यांचा पोत, हाही पट्टे झाकतो, पण तो साठवणे महाग पडते. त्यामुळे एव्ही१ या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या पद्धतीत रव्याचे केवळ वर्णन पाठवून तो पाहणाऱ्याच्या यंत्रावर नव्याने तयार करण्याची सोय आहे.