सातशे मीटर म्हणजे अकरा सेकंद

प्रश्न : १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं छोटं लियरजेट भर पावसात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना घसरून मोडलं. आतले आठही जण वाचले. दृश्यमानता ७०० मीटर होती म्हणे. एवढं दिसत असताना अडचण कसली?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : त्या एका अपघाताचा निवाडा इथे करायचा नाही. अशा हवेत उतरणं नाजूक का असतं, तेवढं पाहू. रस्त्यावर ७०० मीटर पुष्कळ झाले. पण छोटं जेट उतरताना ताशी २३० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला ६४ मीटर. अकरा सेकंदांत ७०० मीटर संपले!

आयएलएस, म्हणजे धावपट्टीपाशी बसवलेली, रेडिओ संकेतांनी उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा. तिच्या आधाराने विमान तीन अंशांच्या उतारावरून येतं. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर साधारणपणे २०० फुटांवर ठरवायचं असतं : धावपट्टी किंवा तिच्या अलीकडचे दिवे दिसले तर उतरा, नाहीतर वर जा. आता हिशेब मांडा. २०० फुटांवर धावपट्टीचं टोक अजून साडेआठशे मीटर लांब असतं. म्हणजे ७०० मीटरमध्ये दिसणार ते फक्त दिवे. नियमाला तेवढे पुरतात. पण चाकं टेकायला अजून १८ सेकंद असतात आणि एखादी जोरदार सर मध्येच ते दिवे पुसून टाकते. घोटाळा होतो तो इथेच. नजर पॅनेलवरून उचलून बाहेर लावलेली, काचेवरच्या पाण्यामुळे विमान आहे त्याहून उंच भासतं आणि हात आपसूक नाक खाली दाबतो. दिवे गेले की शोधत बसायचं नाही. इंजिनांना पूर्ण शक्ती, नाक वर, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) एक टप्पा आत, आणि उंची वाढतेय हे पॅनेलवर दिसल्यावरच चाकं आत. सगळ्यांना हे तोंडपाठ असतं. तरी उशीर होतो, कारण खासगी विमानात मागे बसलेल्यांची बैठक खोळंबलेली असते.

प्रश्न : मग शेजारच्या जुहूला का नेत नाहीत?

उत्तर : तिथली धावपट्टी अशा जेटला आखूड, शिवाय आयएलएस नाही. नजरेच्या भरवशावर उडायचं तर एरवी ५ किलोमीटर दिसावं लागतं. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर जे दिसत नाही ते जुहूला कुठून दिसणार? पर्यायी विमानतळ या पावसाच्या पट्ट्याबाहेरचा हवा, आणि तिथवरचं इंधन टाकीत.