दुपारी घरात कोणी झोपलेलं असताना लहान मुलांना कोणते खेळ द्यावेत?

चेंबूरचं वन रूम किचन, बाहेर पाऊस, रात्रपाळी करून आलेले बाबा दुपारी झोपलेले आणि तीन न् पाच वर्षांची दोन मुलं. आवाज न होता त्यांना दोन तास शिकता येईल असं काय द्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी सामान बदला. स्टीलची ताटं, डाळ-तांदूळ, लाकडी ठोकळे दुपारी नकोत, फरशीवर त्यांचाच दणका होतो. स्पंज, मळलेलं पीठ आणि चौपदरी चादरीवर ठेवलेला प्लास्टिकचा ट्रे एवढ्यावर भागतं. विषयही एकच घ्या. जुलैत पाऊसच बरा, खिडकीतून दिसतोच. तीन वर्षांचं मूल एका खेळात साधारण दहा-पंधरा मिनिटं रमतं, मोठं वीस-पंचवीस. खेळ तीन-चार पुरतात, पण एका वेळी एकच बाहेर काढा.

माझा सगळ्यात आवडता खेळ थेंबांचा. औषधाच्या बाटलीचा स्वच्छ धुतलेला ड्रॉपर, बर्फाचा ट्रे आणि अर्धी वाटी पाणी, त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब. बर्फाच्या ट्रेच्या खणांपाशी 1 ते 6 आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवा. मोठ्या मुलाने आकडा पाहून तितके थेंब सोडायचे. ड्रॉपर दाबताना पेन्सिल धरणारी बोटंच काम करतात, म्हणून लिहायला बसवण्याआधी हा खेळ भरपूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. मुलं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतात: ड्रॉपर पाण्यात बुडवून सारखा दाबत राहतात, मग तो भरतच नाही. ‘आधी दाब, मग बुडव, मग सोड’ हे न बोलता, सावकाश एकदा करून दाखवा. वाटी काठोकाठ भरू नका, नाहीतर थेंब सोडून ओतणं सुरू होतं. धाकट्याला तेवढ्यात स्पंज द्या: एका वाटीतलं पाणी शोषून दुसरीत पिळायचं.

दुसरा खेळ पिठाचा. गांडूळ, गोगलगाय, खेकडा, बेडूक अशी पावसाळी मंडळी करायची. कच्च्या मैद्यात मीठ घालून केलेला गोळा मुंबईच्या पावसाळ्यात वाळत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि वस्तू चिकटच राहतात. त्यापेक्षा एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस गुठळ्या न ठेवता कालवा. मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळा, गोळा कढईपासून सुटला की उतरवा, कोमट झाल्यावर मळा. चिकट वाटला तर पुन्हा मिनिटभर परता. फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतो, आंबूस वास आला की फेकायचा. यात मीठ खूप असतं, खाऊ देऊ नका.

महागड्या किटची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरजवळच्या बोर्डी-कोसबाड या गावांतल्या बालवाड्यांत शंख-शिंपले, पानं, बिया याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या होत्या. चौपाटीवरचे मोठे शिंपले टॉवेलवर लहान-मोठे लावणं हाही पुरेसा खेळ आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल आसपास असेल तर टिश्यू रोलच्या नळीतून जाईल एवढी वस्तू देऊ नका. हरभरा, वाटाणा तर नकोच, नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो.

शेवटच्या अर्ध्या तासासाठी पावसाची बाटली. अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी चार मोठे चमचे पारदर्शक गोंद भांड्यात कोमट पाण्यात विरघळवा (उकळत्या पाण्याने बाटली आक्रसते), एक छोटा चमचा चमकी घाला आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर चमकी वरच तरंगते. वर दोन बोटं जागा ठेवून झाकण घट्ट चिकटवा. झाकण लावण्याआधी तपासा: चमकी लगेच खाली बसली तर गोंद वाढवा, हलेनाशी झाली तर पाणी. बाटली हलवून ठेवायची आणि सगळा ‘पाऊस’ खाली बसेपर्यंत दोघांनी पडून पाहायचं.