उत्तर: शाळेच्या हॅलोविन परेडला ऑटिस्टिक मुलाला पाठवू की घरी ठेवू?

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. पुण्याहून न्यू जर्सीला येऊन चार महिने, मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम, बोलणं जेमतेम, आणि शाळेतून परेडचा, म्हणजे मुलं कॉश्च्यूम घालून मिरवतात त्याचा, रंगीत फ्लायर आलाय. सात वर्षांपूर्वी डिट्टो आम्ही.

कॉश्च्यूमचे टॅग कापा, मास्क नको, हेडफोन ठेवा, हे थेरपिस्टने सांगितलं असेलच, ते परत टाइप करत नाही. मी आमची चूक सांगते, ती कुठल्या चेकलिस्टमध्ये मला तरी दिसली नाही.

आम्ही लेकाची तयारी अगदी पक्की केली होती. आठ दिवस रोज संध्याकाळी डायनासोर होऊन वरणभात खाल्ला त्याने, शेपटी वरणात. शाळेच्या ऑफिसला फोन करून सांगितलं की जिममधलं म्युझिक त्याला सहन होत नाही, तेवढा वेळ लायब्ररीत बसवा. तिकडून "शुअर, नो प्रॉब्लेम, नोट करून ठेवते" आणि मी निश्चिंत. त्या दिवशी वर्गावर सब्स्टिट्यूट टीचर, नोट कुणाला माहीत नाही. आणि त्याची पॅरा, म्हणजे दिवसभर सोबत असणारी मदतनीस, जिच्याशिवाय तो बाथरूमलाही जात नसे, ती तोंड पांढरं रंगवून, विग लावून झॉम्बी होऊन आलेली! इथे सगळा स्टाफच नटतो हो, हौस असते, तिचा काय दोष. पण त्याने तिला ओळखलंच नाही. कोणीतरी भयानक बाई हात धरून जिमकडे ओढतेय एवढंच त्याला कळलं आणि तो हात सोडवून पळाला तो थेट पार्किंग लॉटमध्ये, गाड्या आत येत होत्या, कुणाच्या तरी आजोबांनी धरला म्हणून वाचलो.

पुढचे पाच आठवडे शाळेच्या दारात रडारड आणि नुकते यायला लागलेले चार शब्द गायब. ऑफिसचं म्हणणं काय, तर परेड ऑप्शनल होती आणि आमच्याकडे लेखी काही नाही. म्हणजे आमच्यावरच! आजही आठवलं की डोकं फिरतं. बरं, मी वकील नाही, पण १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टचं सेक्शन ५०४, म्हणजे अपंगत्वामुळे भेदभाव करायचा नाही हे सांगणारं कलम, फक्त अभ्यासापुरतं नाहीये, शाळेच्या इतर कार्यक्रमांनाही लागू होतं, हे मला फार उशिरा एका दुसऱ्या आईकडून कळलं. "ऑप्शनल आहे" म्हणाले तर गप्प बसू नका.

तर फोन नको, ईमेल. केस मॅनेजर (शाळेत मुलाच्या स्पेशल एज्युकेशनचं बघणारी व्यक्ती), टीचर, प्रिन्सिपल तिघांना एकाच मेलमध्ये, आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. त्यात स्पष्ट लिहा की पॅरा त्या दिवशी नेहमीच्या कपड्यांत आणि उघड्या चेहऱ्याने हवी, सब्स्टिट्यूट आली तर तिला कोण सांगणार, आणि तो वर्गाबाहेर पळाला तर पहिला फोन कुणाला. मुलाचा कॉश्च्यूम सगळे बघतात, मोठ्यांचा कुणी बघत नाही. नाहीच पटलं तर सरळ घरी ठेवा, लोक "अनुभव चुकतो" म्हणतील, म्हणू देत.

संध्याकाळी दारोदार खाऊ मागत फिरतात, त्याचं थोडक्यात. इकडे ३१ ऑक्टोबरला सहाच्या आतच सूर्य मावळतो, आम्ही साडेचारला निघायचो, ओळखीची चार घरं आणि परत. अंधार नकोच. २०१९ च्या एका अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचा गाडीखाली मृत्यू होण्याचा धोका आधीच्या-नंतरच्या आठवड्यातल्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला होता, त्यात आपलं मूल पळणारं. ज्यांच्या अंगणात हलणारे सांगाडे, धूर, चमकणारे दिवे आहेत ती घरं आदल्या दिवशी गाडीतून बघून ठेवा आणि तो रस्ताच टाळा. दारात "ट्रिक ऑर ट्रीट" म्हटलंच पाहिजे असं काही नाही, आम्ही एएसीवर, म्हणजे बटण दाबलं की त्याच्यासाठी बोलणाऱ्या उपकरणावर, बटण करून दिलं होतं, कधी दाबायचा, कधी नुसता खाऊची बादली पुढे करायचा.

निळ्या बादलीबद्दल विचारलंत. ऑटिझमची खूण म्हणून २०१८ नंतर ती बरीच पसरली. माझं वैयक्तिक मत, नको. दारोदार अनोळखी लोकांना मुलाचं निदान का दाखवायचं? शिवाय निम्म्या लोकांना ती फक्त निळी बादली वाटते. पण काही आयांना तिचा खूप उपयोग झालाय, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. दारात ठेवलेला टील (निळसर हिरव्या) रंगाचा भोपळा वेगळा बरं का, तो फूड अ‍ॅलर्जीसाठी, तिथे खाऊऐवजी स्टिकर, छोटी खेळणी मिळतात. आमचा मोजून तीन पदार्थ खाणारा, त्यामुळे त्याचं पहिलं आवडतं घर तेच.

गेली तीन वर्षं तर तो फिरतही नाही, दारात खुर्ची टाकून चॉकलेटं वाटतो. २०२४ ला दिवाळी त्याच आठवड्यात आली होती, तर पठ्ठ्याने प्रत्येकाच्या बादलीत एकेक चकली टाकली. ती नंतर कुणी खाल्ली का, देव जाणे. आणि हो, तो फ्लायर फेकू नका, त्याचा फोटो काढून ईमेलला जोडा, म्हणजे "कुठली परेड?" असं कुणी विचारणार नाही.