रविवारी ॲनाहाइम, सोमवारी प्रिलिम

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, वय सतरा. जानेवारी लागल्यापासून दर रविवारी सकाळी तो फोनला चिकटलेला असतो. अमेरिकेतल्या ‘सुपरक्रॉस’ नावाच्या मोटरसायकल शर्यती बघतो. प्रिलिम तोंडावर आहे, फेब्रुवारीत बोर्ड. दिवाळीत त्याने घरात जाहीर केलं की सीईटी देणार नाही, सुपरक्रॉस रायडर होणार. त्यासाठी अडीचशे सीसीची डर्ट बाईक हवी, किंमत आठ लाख. त्याच्या शिक्षणासाठी म्हणून जमवलेली एक एफडी आहे, तेवढीच शिल्लक. वडील बेस्टच्या आगारात फिटर आहेत. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. “एफडी मोडावी का, की हे खूळ आपोआप जाईल?” असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

एफडी मोडू नका. आणि खूळ आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसू नका, कारण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला ते खूळ वाटत नाहीये. ते का, ते पुढे सांगते.

तुम्ही त्याला ‘मातीतल्या उड्या’ म्हटलंय. चूक नाही, पण मुलाशी बोलायचं तर थोडं जास्त माहीत हवं. फुटबॉल किंवा बेसबॉलच्या स्टेडियममध्ये शेकडो ट्रक माती आणून ओततात. तिचे उंचवटे, एका झेपेत तीन ओलांडायचे तिहेरी उंचवटे, आणि ‘व्हूप्स’ म्हणजे लागोपाठ छोट्या टेकड्यांची रांग असं सगळं रचतात. गेट पडलं की बावीस जण एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर सगळे एकाच जागेसाठी भांडतात. आपल्या ठाणे स्टेशनला फास्ट लोकल लागते तसं. हे १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये सुरू झालं. तिथली पहिली मोठी शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने जिंकली. हे नाव तुमच्या मुलाने तुम्हाला ऐकवलं असणार, पैज लावते. “बघ, सोळाव्या वर्षी!”

आता त्याला विचारा, जेट लॉरेन्सचं काय? हा ऑस्ट्रेलियाचा. याच्या घरच्यांनी दोन मुलांच्या शर्यतींसाठी देश सोडला, आधी युरोप, मग अमेरिका. सोळाव्या वर्षी तो तिथे व्यावसायिक शर्यतीत उतरला आणि २०२४ साली साडेचारशे सीसीच्या मोठ्या गटात पहिल्याच सीझनला चॅम्पियन झाला. सोळाव्या वर्षी उतरला, कारण नीट चालायला लागल्यावर थोड्याच वर्षांत तो बाईकवर बसला होता. तुमच्या मुलाने आजवर शर्यतीची बाईक चालवलेली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. सतराव्या वर्षी पहिल्यांदा बॅट हातात घेऊन रणजीचं स्वप्न बघण्यासारखं आहे हे. मी हे त्याला तोंडावर सांगेन, तुम्ही सांगू नका. तुमच्याकडून ऐकलं तर ते टोचेल, माझ्याकडून फार तर राग येईल.

पण सीझन नीट बघितला तर त्यात रायडरपेक्षा बरंच काही दिसतं. जानेवारीत बहुतेकदा कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला सुरू होतो, मे महिन्यात संपतो, सतरा फेऱ्या. जिंकणाऱ्याला २५ गुण, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०, चौथ्याला १८. २०२५ साली कूपर वेब चेस सेक्स्टनच्या पुढे अवघे दोन गुण राहून चॅम्पियन झाला. दोन गुण म्हणजे सतरा शनिवारांपैकी एका रात्री चौथ्याऐवजी तिसरं येणं. लॉरेन्स त्या वर्षी चौथ्याच फेरीत गुडघा दुखावून घरी बसला होता. त्याआधी २०२३ ला इलाय टोमॅक गुणांत सगळ्यांच्या पुढे होता, आणि शेवटून दुसऱ्या फेरीत, डेन्व्हरला, त्याच्या पायाची टाचेवरची शीर तुटली. केन रॉक्झेनचा हात २०१७ ला ॲनाहाइमच्याच एका शर्यतीत असा मोडला की शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. सुपरक्रॉसमधला पुढचा विजय त्याला तीन वर्षांनी, २०२० ला मिळाला. ही नावं मी घाबरवायला सांगत नाही. तुमच्या मुलाला ती माझ्याआधी पाठ असतील. फक्त त्याच्याशी बोलताना ‘पडलास तर?’ एवढंच विचारू नका. ‘पडल्यावर तीन वर्षं घर कोण चालवणार?’ असं विचारा. या प्रश्नावर मुलं गप्प होतात, आणि ते गप्प बसणं चांगलं असतं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला सीझन झाला. पुण्याला बालेवाडीत, मग अहमदाबाद, मग बंगळूर. दुसऱ्या सीझनला पुणे, हैदराबाद आणि कोझिकोड. परदेशी रायडर आणि भारतीय रायडर एकाच मातीत. सी. एस. संतोष आधी आपल्याकडच्या सुपरक्रॉसमध्ये चमकला आणि २०१५ साली डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत, पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. केरळचा हरित नोआ सुपरक्रॉसमधूनच वर आला आणि २०२४ ला डकारमध्ये रॅली २ गटात पहिला आला. म्हणजे वाट आहे. पण अरुंद आहे, आणि तिच्यावर जे चालतायत त्यांच्यामागे कंपन्यांचे संघ उभे आहेत. आपल्या मुंबईत तर सराव करायला धड ट्रॅक नाही. पुणे-नाशिककडे जावं लागतं, आणि पावसाळ्याचे चार महिने वजा करा.

आता आठ लाख. या बाईकला आरटीओची नंबरप्लेट मिळत नाही. ती तुमच्या सोसायटीच्या गेटपासून भांडुप स्टेशनपर्यंतसुद्धा चालवत नेता येणार नाही, टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी लागते. तिची सर्व्हिस किलोमीटरवर होत नाही, तासांवर होते. इंजिनावर तास मोजणारं मीटर बसवतात. काही तास चालली की ऑइल बदला. एअर फिल्टर दर वेळी धुवा, वाळवा, तेल लावा. काही डझन तास झाले की पिस्टन बदला. हेल्मेट, बूट, गुडघ्याचे ब्रेस, छातीचं कवच वेगळं. स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं लायसन्स आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र. त्याचे बाबा फिटर आहेत, त्यांना हे दोन मिनिटांत कळेल. आठ लाख म्हणजे फक्त दारातून आत जायचं तिकीट.

आता ज्या वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते. तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर, तक्रारीच्या सुरात, तुम्ही लिहिलंय: “शर्यत बघतो तीही सरळ बघत नाही. मागे नेऊन नेऊन तीच उडी दहादा बघतो, आणि खाली आल्यावर पुढचं चाक किती दबलं ते वहीत लिहितो.”

ताई, रायडर व्हायचं असलेला मुलगा रायडर बघतो. कुठून ओव्हरटेक केलं, थ्रॉटल कधी उघडला, ते बघतो. तुमचा मुलगा सस्पेन्शन बघतोय, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर. हे त्याला स्वतःला अजून कळलेलं नाही, कारण त्या पडद्यावर टाळ्या रायडरलाच मिळतात.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या हट्टापायी मी पुण्याबाहेरच्या एका सरावाच्या ट्रॅकवर गेले होते. शर्यतीत मला फार कळलं नाही, धूळ मात्र भरपूर खाल्ली. पण मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक पंचविशीतला मेकॅनिक बघितला. बाईक स्टँडवर, मागचं चाक हवेत. त्याने टेपने चाकाच्या ॲक्सलपासून वर मडगार्डवरच्या खडूच्या खुणेपर्यंत अंतर मोजलं आणि लिहून ठेवलं. मग रायडरला पूर्ण पोशाखात, बूट-हेल्मेट घालून बसवलं, एकाने हँडल धरलं, आणि तेच अंतर पुन्हा मोजलं. दोन मापांतला फरक म्हणजे ‘सॅग’, वजनाने बाईक किती दबते ते. शंभर ते एकशे पाच मिलिमीटरच्या आसपास हवा होता, आला एकशे बारा. त्याने छिन्नी-हातोडीने स्प्रिंगवरची रिंग थोडी फिरवली. पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. एकशे आठ. पुन्हा थोडी. रायडर वैतागला होता, “चल ना यार.” हा हलला नाही. मी विचारलं, एवढ्या सात-आठ मिलिमीटरनं काय होतं? म्हणाला, “व्हूप्समध्ये मागचं चाक वळवळतं. मग हा पडतो, आणि शिव्या मला.”

सीझनभर असा एकेक माणूस प्रत्येक रायडरमागे असतो. गेट पडल्यावर त्याच्या हातात फक्त एक पाटी उरते, तिच्यावर दोन शब्द लिहून दाखवायचे. त्याआधीचं सगळं त्याच्या हातचं. शिवाय सस्पेन्शनवाला वेगळा, इंजिनवाला वेगळा, टायमिंगचे आकडे वाचणारा वेगळा. आणि इथे शिकलेलं कौशल्य शर्यत संपली म्हणून वाया जात नाही. चाकणला कारखाने आहेत, पुण्यात एआरएआयसारखी वाहन तपासणारी संस्था आहे. खड्ड्यात गाडी आदळल्यावर माणसाचं कंबरडं शाबूत राहावं यासाठी पगार देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको.

म्हणून बारावी सोडायची नाही. फिजिक्स आणि गणित तर मुळीच नाही, कारण स्प्रिंग आणि डॅम्पिंग, म्हणजे तिचं हेलकावणं शमवणं, तिथेच आहे. त्याच्या पुस्तकातला दोलनाचा धडा उघडून त्याला विचारा, यात तुझी बाईक कुठेय. सीईटी द्यावी. मार्क आले तर मेकॅनिकल इंजिनीअरिंग. नाही आले तर रडायचं कारण नाही. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन, माटुंग्याचं व्हीजेटीआय, दोन्हीकडे मेकॅनिकल आहे. पुढे डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. कॉलेज निवडताना एक गोष्ट बघायची: तिथली मुलं ‘बाहा’ नावाच्या स्पर्धेसाठी खडकाळ जमिनीवरची गाडी स्वतः बनवतात का? बनवत असतील तर पहिल्याच महिन्यात त्या टीमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन झाडू मारायची तयारी ठेवायची. आणि मे महिन्याच्या सुट्टीत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी एखाद्या चांगल्या टू-व्हीलर गॅरेजमध्ये दोन महिने, पगाराची अपेक्षा न ठेवता.

पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी “आधी डिग्री, मग बघू” एवढंच सांगून परत पाठवलं होतं. त्याने डिग्री केली, कसलीतरी. आज एका बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. परवा दादरला भेटला तर वीस मिनिटं कार्बोरेटरबद्दल बोलत होता. त्यामुळे तुम्हाला “आधी डिग्री” म्हणताना मी कुठली, ते जोडून सांगतेय.

बाईक चालवायची हौस? ती मारू नका. परीक्षा संपल्यावर दोन दिवसांचा डर्ट ट्रेनिंगचा वर्ग करू द्या. बंगळूरकडे संतोषचा स्वतःचा डर्ट पार्क आहे. बाईकच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. दोन दिवस पडून-धडपडून आला की तो स्वतःच सांगेल, अजून बसायचंय की उघडून बघायचंय.

आणि एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही. मित्राची बाईक घेऊन तो भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला मिठागरांकडे जातो, असं तुम्ही अगदी ओझरतं लिहिलंय. तो सतरा वर्षांचा आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर कायद्याने पालकावर किंवा गाडीच्या मालकावर गुन्हा दाखल होतो, २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. दंडाचं राहू द्या. तिथे अंगावर ना कवच, ना बाजूला ॲम्ब्युलन्स. ज्या शर्यती तो बघतो त्यात डॉक्टर तयार असल्याशिवाय गेट पडत नाही. हे त्याला आजच सांगा.

रविवारचं काय? मोठ्या गटाची मुख्य शर्यत वीस मिनिटं अधिक ट्रॅकची एक चक्कर, लहान गटाची पंधरा मिनिटं अधिक एक. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ. दोन्ही मिळून चाळीस मिनिटंही होत नाहीत. तेवढं पोह्यांच्या बशीसोबत सगळ्यांसमोर टीव्हीवर लावा. बाकीच्या हीट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या पात्रता शर्यती, आणि मुलाखती बोर्डानंतर. रेकॉर्डिंग कुठे पळून जात नाही.

राहता राहिला बापलेकांचा अबोला. बाबांची स्प्लेंडर आहे असं तुम्ही लिहिलंय. येत्या रविवारी शर्यत संपली की तिघं खाली उतरा. तो पत्र्याच्या शेडमधला प्रकार स्प्लेंडरवरही करता येतो. तिच्या मागच्या शॉकॲब्जॉर्बरला पाच खाचा असतात. पहिलं माप मेन स्टँडवर, चाक हवेत असताना घ्यायचं. दुसऱ्या मापाला तीन माणसं लागतात. सीटवर मुलगा बसेल, पाय फूटरेस्टवर. हँडल बाबांनी धरायचं. टेप तुम्ही.