घरच्या शिलाई मशीनवर पावसाळी ट्रेकसाठी वॉटरप्रूफ जॅकेट शिवता येईल का?

येईल, अगदी साध्या सरळ टाक्याच्या पायमशीनवरही. तुम्हाला कुर्ते शिवता येतात, सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसात टिकणारं जॅकेट जमेल का आणि कापड कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. कापडाचं सांगतोच, पण घरी शिवलेलं जॅकेट गळतं ते बहुतेक वेळा शिलाईतून. सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट. त्यामुळे शिलाई कुठे येऊ द्यायची नाही, हे आधी ठरवा.

ती जागा म्हणजे खांद्याचा माथा. सॅकचे पट्टे दिवसभर तिथे दाबून बसतात आणि त्या दाबाने पाणी टाक्यांतून आत ढकललं जातं. शर्टाला असतो तसा खांद्यावरचा जोड ठेवू नका. पुढचा-मागचा योक, म्हणजे खांद्यावरचा भाग, सलग एकाच तुकड्यात कापा. जोड पुढून साधारण ४ इंच आणि मागून ५ इंच खाली येऊ द्या. खांदा दंडाकडे दीड इंच उतरता ठेवला की बाहीचा जोडही पट्ट्याच्या बाहेर जातो. छातीला ८ ते १० इंच लूझिंग हवं. काखेत ४ इंचांचा चौकोनी तुकडा शंकरपाळीसारखा तिरका बसवा, म्हणजे कातळटप्प्यावर हात वर केला तरी जॅकेट कमरेवरून उचललं जात नाही.

हे सगळं आधी मांजरपाटावर शिवून बघा आणि सॅक पाठीवर घेऊन दोन्ही हात वर करा. कोटिंगच्या कापडावर चुकीची शिलाई उसवली तरी भोकं कायम राहतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

कापड पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं घ्या: १९० टी (विणीच्या घट्टपणाचं माप) पॉलिएस्टर टफेटा किंवा ७० डेनियरचं (धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू न देणाऱ्या चौकटीच्या विणीचं, नायलॉन. रेक्झीन आणि बॅगेचं कापड विकणाऱ्या दुकानांत विचारा. ५८ इंच पन्ह्याचं अडीच ते तीन मीटर पुरतं. घेण्याआधी तुकडा आणून वाटीवर खोलगट पसरा, त्यात पाणी ओता, अर्ध्या तासाने खालून अंगठ्याने दाबा. ओल आली तर ते कापड नको. महागड्या ‘ब्रीदेबल’ कापडाचा आग्रह मी इथे धरणार नाही. आत-बाहेरच्या बाष्पात फरक असला तरच ते घामाची वाफ बाहेर सोडतं, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावरची हवा आधीच ओलीचिंब असते. त्यापेक्षा दोन्ही काखांखाली १० इंची चेन लावा. घामाने आतून भिजण्यावर याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

मशीनला बहुधा १६ नंबरची सुई लागलेली असते, ती फार मोठं भोक पाडते. ११ नंबरची नवी सुई लावा. टाके सुटायला लागले की सुई बोथट झाली समजा आणि बदला. दोरा पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा पाणी शोषून आत ओढतो आणि पुढे कुजतो. टाका ३ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला आठ. बारीक टाक्यांनी भोकं वाढतात आणि कापड त्याच रेषेत फाटतं. टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे वापरा.

कोटिंगची बाजू मशीनच्या फूटखाली आली तर कापड चिकटतं, मागे सरकत नाही आणि टाके एकाच जागी साचतात. वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. चुण्या पडत असतील तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि कापड पुढून-मागून सारखं ताणून धरा. ओढू मात्र नका, सुई वाकते.

जोड जीन्सच्या बाजूला असतो तसा दाबशिलाईचा घाला. एक काठ दुसऱ्यापेक्षा पाव इंच बाहेर ठेवून पहिली शिलाई मारा, लांब काठ आखूड काठावर दुमडा, दोन्ही एका बाजूला पाडून काठालगत दुसरी शिलाई मारा. आडव्या जोडांची घडी खालच्या दिशेला पाडा. वर पाडलीत तर तिच्या खाचेत पाणी साठून झिरपत राहतं.

मग आतून सगळे जोड सील करा. पीयू कापडाला पीयूचंच सीलर चालतं, सिलिकॉन कोटिंगला फक्त सिलिकॉन. कोटिंग कोणतं ते ओळखायला सेलोटेप लावून बघा: सिलिकॉनवर ती धरत नाही. सिलिकॉन कोटिंगसाठी पारदर्शक सिलिकॉन सीलंटच्या एका भागात दोन-तीन भाग मिनरल टर्पेंटाइन मिसळा आणि मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब, ब्रशने लावा. दिवसभर सुकलं की टाल्कम पावडर चोळा, नाहीतर घडी चिकटते. घाईत पीयूवर सिलिकॉन फासू नका. ते सोलून निघतं आणि त्या जागी मग दुसरं काहीही धरत नाही.

पुढची चेन कॉइलची (नायलॉनच्या वेटोळ्याची), ५ नंबरची पुरे. तिच्यावर दीड इंची झडप द्या. मनगटाला इलॅस्टिकऐवजी वेल्क्रो लावा. टोपी तीन तुकड्यांची शिवा, कपाळावर क्रिकेटच्या कॅपला असते तशी कडक कड घाला, म्हणजे डोळ्यांवर पाणी येत नाही.

ट्रेकहून आल्यावर जॅकेट ओलं घडी करून ठेवू नका. दमट हवेत पीयू हळूहळू विरघळल्यासारखं चिकट होतं, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. पंख्याखाली हँगरवर दोन्ही बाजूंनी सुकवा आणि टांगूनच ठेवा.